दोन पंचम्या आणि एक दरवाजा

अंबिकेचा दहावा वाढदिवस बरुआसागरच्या किल्ल्यावर करायचा, हे दसऱ्यालाच ठरलं. झाशीचा किल्ला तिला नको होता. "तो तर आपल्या छतावरून दिसतो. त्यात कसली जादू?" असं म्हणून तिने तो विषय निकालात काढला. तिला तळ्याकाठचा किल्ला हवा होता, कारण 'दो चाँद का दुर्ग'मधला किल्ला तळ्याकाठी होता. ही तिची लाडकी पुस्तकं. हिंदीतले तीन जाडजूड भाग, दोन चंद्रांचा देश आणि माणसांची उलटतपासणी घेणारं एक घुबड. तिन्ही भाग तिने चारदा वाचले होते.

सहलीला तिने एक अट घातली. "ज्यांनी तिन्ही भाग वाचलेत तेच दरवाज्यातून आत. बाकीचे गाडीपाशी बसतील."

"आणि मी?" शिवाजीरावांनी विचारलं. ते तिचे आजोबा.

"आबा, नियम म्हणजे नियम."

शिवाजीरावांचं बिजौलीच्या कारखान्यात लेथवर उभं आयुष्य गेलं. अक्षरं शिकले तेव्हा वयाची बावन्न वर्षं झाली होती. अजूनही ओळीखाली बोट धरून, ओठ हलवत वाचायचे. पहिला भाग उघडून पाहिला, तर घुबडापाशीच एका पानाला चहाचे दोन पेले लागले. पण त्यांनी हिशेब केला. वाढदिवस तिथीने, कार्तिक वद्य पंचमीला. यंदा तो दिवस नेमका रविवारी. म्हणजे हातात महिन्याच्या वर दिवस. रोज वीस पानं रेटली की झालं.

सूनबाई प्रमोदिनीने कामं वाटली. केक तिच्याकडे, पुरणपोळ्या तिच्याकडे, मैत्रिणींना बोलावणं तिच्याकडे. सासऱ्यांना तिने फक्त गाडी दिली.

"मामंजी, एवढं एकच. गेल्या वर्षीसारखं नको."

गेल्या वर्षी शिवाजीरावांनी केक आणला होता. त्यावर 'हैप्पी बर्थडे चिंटू' लिहिलेलं होतं. दुकानदाराकडे तोच तयार होता, आणि केक काही नावाने गोड होत नाही, असं त्यांचं मत होतं. अंबिका त्या दिवशी तासभर मोरीत बसून रडली होती.

म्हणून यंदा ते स्वतः ओरछा गेटापाशी रामकृष्ण गाडीवाल्याकडे गेले. रामकृष्ण लग्नाच्या वराती वाहायचा. तारीख-बिरीख त्याच्या गावी नव्हती. भिंतीवरच्या पंचांगात तिथीवर लाल खूण केली की त्याच्या लेखी काम पक्कं. शिवाजीराव डोक्यात घुबड घेऊनच गेले होते. "कार्तिक बदी पंचमी, सकाळी सात, बरुआसागर," एवढं म्हणाले आणि बोट पुस्तकात तसंच ठेवून घरी आले.

दहा दिवसांनी, शनिवारी सकाळी सात वाजता, गल्लीत भोंगा वाजला.

शिवाजीराव दात घासत बाहेर आले. समोर गाडी उभी. चारी बाजूंनी फुगे, पुढे झेंडूची माळ, आणि आत नवी चादर घातलेली.

"काए बाबूजी, अभी तक मंजन?" रामकृष्ण म्हणाला. "बिटिया तैयार है ना?"

"आज कशाला आलास? आज कौन सा दिन है?"

"कार्तिक बदी पंचमी. कल करवा चौथ थी, आज पंचमी. हमारी घरवाली ने कल रात चाँद देखा है, चाहो तो पूछ लो."

शिवाजीरावांच्या तोंडातला फेस तसाच राहिला. त्यांना सगळं एकदम कळलं. आपला महिना अमावास्येला संपतो, इथल्या लोकांचा पौर्णिमेला. त्यामुळे घरातली कार्तिक वद्य पंचमी ही बाहेर अगहन बदी पंचमी होते. झाशीत जन्मलेलं मराठी पोरही उंबरा ओलांडताना भाषेबरोबर महिनाही बदलतं. झाशीतल्या सात पिढ्यांत जे घरात कुणी विसरलं नव्हतं, ते शिवाजीराव एका घुबडापायी विसरले.

पण चूक कबूल करायची तर ती रामकृष्णासमोर?

"तुझा महिनाच खोटा!" ते गरजले. "अंधार आधी आणि उजेड नंतर, असा कुठे महिना असतो?"

"अँधेरे के बाद ही उजाला होता है, बाबूजी. आपका महीना उलटा है."

शिवाजीराव आतून आपलं पंचांग घेऊन आले. रामकृष्णाने गाडीतून आपलं काढलं. दोघे बोनेटवर पानं पसरून भांडत असताना प्रमोदिनी बाहेर आली. फुगे पाहून तिने कपाळाला हात लावला.

"मामंजी, एकच काम दिलं होतं."

"सूनबाई, गाडी आली की नाही? जरा लवकर आली, एवढंच."

"एक महिना लवकर! भैया, तुम्ही अगहन बदी पंचमीला या."

"उस दिन तो बारात है, बहनजी. देवउठनी एकादशी से शादियाँ शुरू, फिर पूरे शहर में गाड़ी नहीं मिलेगी. जाना है तो आज चलो."

तोवर अंबिका दारात आली होती. तिने गाडीकडे पाहिलं, दोन्ही पंचांगांकडे पाहिलं आणि टाळ्या पिटल्या. "आबा, तुम्ही तिसरा भाग वाचला! त्यात पण पहारेकरी एक चाँद आधीच येतो, दुश्मनाला पता नको म्हणून! तुम्ही मुद्दाम केलं ना?"

सुटका समोर उभी होती. शिवाजीरावांनी 'हो' म्हणायला तोंड उघडलं, पण चिंटूचा केक आठवला आणि ते तसंच मिटलं. रामकृष्ण मात्र हसत होता.

शाळेला सुट्टी होती. पाऊण तासात दोघी मैत्रिणी आपापल्या घरांतून उचलल्या गेल्या. केकऐवजी शिरा झाला. प्रमोदिनीने गाडीतच अंबिकेला ओवाळलं. फुगा फुटेल म्हणून निरांजन खिडकीबाहेर धरावं लागलं.

बरुआसागरला किल्ल्याच्या दरवाज्यात अंबिका घुबडासारखी मान वळवून उभी राहिली. मैत्रिणी आत गेल्या. प्रमोदिनीने जेवणाच्या सुट्टीत कचेरीत बसून तिन्ही भाग संपवले होते, तीही आत गेली. मग चक्क रामकृष्ण पुढे झाला.

"तू कुठे?" शिवाजीराव म्हणाले.

"तीनों पढ़े हैं, बाबूजी. बारात में रात भर गाड़ी में बैठे-बैठे और क्या करें?"

अंबिकेने त्याला तीन प्रश्न विचारले. तिन्ही बरोबर. मग ती आजोबांकडे वळली.

"बोला, पहारेकरी. दोन चंद्रांपैकी खोटा कोणता?"

रामकृष्ण आतून खोकला, खुणा करू लागला. ज्याला महिना मोजता येत नाही त्याच्याकडून उत्तर घ्यायचं? शिवाजीरावांनी त्याच्याकडे बोट दाखवलं. "ह्याचा!"

"गलत," अंबिका म्हणाली. "आबा, तुम्ही वाचलंच नाही."

"दुसऱ्या भागाच्या एकोणचाळिसाव्या पानापर्यंतच आलोय," शिवाजीराव हळूच म्हणाले. "महिना होता माझ्याकडे. आणि गाडी मी मुद्दाम नाही बोलावली, चुकून बोलावली."

आत मैत्रिणी हाका मारत होत्या.

"मग अजून आहे ना महिना," अंबिका म्हणाली. "माझा वाढदिवस तर अजून झालाच नाही. तुमच्या पंचमीला परत यायचं."

"गाड़ी नहीं है, बिटिया," रामकृष्ण म्हणाला. मग त्याने डोकं खाजवलं. "पर बारात तो यहीं बरुआसागर की है. आगे की सीट पर दो जने आ जाएँगे."

शिवाजीराव दिवसभर दरवाज्याच्या पायरीवर बसून वाचत राहिले. शिरा त्यांना तिथेच मिळाला.

आपल्या कार्तिक वद्य पंचमीला ते अंबिकेला घेऊन पुन्हा आले. मागे वऱ्हाड गात होतं आणि रामकृष्णाच्या शेजारी दोघे दाटीवाटीने बसले होते. वऱ्हाड फराळाला उतरलं, तसे तिघे किल्ल्यावर चढले. अंबिकेने मान वळवून तोच प्रश्न विचारला.

उत्तर शिवाजीरावांना पाठ होतं. तिसऱ्या भागात, पान दोनशे अकरा. पण रामकृष्ण शेजारीच दात काढून उभा होता, आणि त्याच्यासमोर ते म्हणणं फार जड जात होतं.

"कोणताच नाही," ते अखेर पुटपुटले. "दोन्ही खरे."

"जोर से, बाबूजी!" रामकृष्ण म्हणाला.

अंबिका हसून बाजूला झाली. शिवाजीराव आत शिरले आणि शिरता शिरता मागे वळून म्हणाले, "पण आधी आमचा!"