बारा दिवसांचा कागद

एचआयव्ही तपासणी केंद्रातल्या सल्ल्याच्या खोलीत बसून गेली नऊ वर्षं मी लोकांना झापते आहे. "चेहरा बघून रोग कळतो होय? मग रक्त कशाला घेतो आम्ही?" असं म्हटलं की भलेभले खाली बघतात. निकाल चांगला आला म्हणून उड्या मारणाऱ्यांना तर मी सोडतच नाही. नुकती झालेली लागण रक्तात लगेच दिसतेच असं नाही, तीन महिन्यांनी परत या आणि तोवर कंडोम वापरा, हे मी दिवसातून वीसदा सांगते.

माझा नवरा कारखान्यांत मशीन बसवायला जातो, महिनोन्महिने बाहेर असतो. यावेळी आला तो तोंड पाडूनच. जेवता जेवता हुंदके द्यायला लागला. "एकदाच झालं गं. प्यायलो होतो."

मी त्याचं ताट उचलून मोरीत आपटलं. दोन दिवस एक शब्द बोलले नाही. तिसऱ्या दिवशी तो आपणहून कुठल्याशा लॅबमध्ये गेला आणि संध्याकाळी कागद माझ्या हातात ठेवला. एचआयव्ही निगेटिव्ह.

मी बोटांवर मोजलं. त्या प्रकाराला जेमतेम बारा दिवस झाले होते. दुसऱ्या कुणी असला कागद दाखवला असता, तर मी त्याची बिनपाण्यानं केली असती.

केंद्रातून कंडोमचं एक पाकीट पर्समध्ये टाकून आणलं. चार दिवस ते पर्समध्येच पडून राहिलं. केंद्रात मी स्वतः नवरा बनून बायकांकडून हेच सांगायचा सराव करून घेते, "बोल, घाबरतेस काय, तोंडावर सांग मला!" घरी माझीच दातखीळ बसली. शेवटी एकदाचं ते पाकीट त्याच्यापुढे धरलं. तो चिडला असता तर मी भांडले असते, भांडण मला जमतं. पण त्याचा चेहराच पडला.

"कागद आणून दिला ना? आता जन्मभर असंच वागवणार का मला?"

आणि ओशाळले कोण, तर मी! पाकीट परत पर्समध्ये गेलं. इतकं रडलेला, इतकं खरं बोललेला माणूस, त्याच्या अंगात काही असेल हे मनाला पटेना. खरं सांगू? मला माझा संसार परत हवा होता. पाकीट म्हणजे संशय, आणि संशय घेऊन मी त्याच्या कुशीत कशी शिरणार होते?

दीड महिन्यानं ताप आला. आठवडाभर उतरेना, मानेला गाठी आल्या. मला कळायचं ते कळलं. केंद्रातल्या माझ्या हाताखालच्या पोरीला म्हटलं, "माझं रक्त घे." तिला या कामात मीच तयार केलेलं.

आज दुपारी तिनं मला आत बोलावलं. मी सवयीनं माझ्या खुर्चीकडे निघाले. ती म्हणाली, "ताई, इकडे बसा." लोक बसतात त्या खुर्चीत मी बसले. तिनं दार लावलं आणि टेबलावरचा कागदी रुमालांचा डबा माझ्याकडे सरकवला.

निकाल वाईट असेल तरच डबा सरकवायचा, हेही मीच शिकवलेलं.

तिचे डोळे भरले होते, तरी बिचारीनं एकही पायरी चुकवली नाही. पहिला प्रश्न ठरलेलाच असतो.

"ताई, या आजाराबद्दल तुम्हाला काय काय माहीत आहे?"

"सगळं," मी म्हटलं. "सगळं माहीत होतं गं मला."