त्याच रेषेवरून उलटं

बाबांना माझं काम कधी काम वाटलंच नाही. गावात कुणी विचारलं की सांगायचे, "आमची मिसुझु पाय ओले न करता समुद्र मोजते." मोजतेच मुळी. विमानाच्या पोटाला कॅमेरा असतो, तो एकाच जागच्या लाटांचे भराभर फोटो काढत जातो. खोल पाण्यात किती लांबीची लाट किती वेगानं धावणार, हे ठरलेलं असतं. तिच्या वेगात फरक पडला, की समजायचं खालचं पाणीच तिला ओढतंय. चालत्या होडीत चालणाऱ्या माणसासारखं. इतकं साधं आहे, पण सांगायला गेलं की बाबा झोपेचं सोंग घेत.

त्या दुपारी आम्ही जपानच्या दक्षिण किनाऱ्यावर, तोसाच्या उपसागरावर दक्षिणेकडे उडत होतो आणि तटरक्षक दलाचा निरोप आला. बाबांच्या मासेमारीच्या होडीचं इंजिन बंद पडलं होतं, बॅटरीही गेली होती. फोन तुटायच्या आधी ते एवढंच म्हणाले होते, की कुरोशिओनं धरलंय, पूर्वेला शोधा. कुरोशिओ म्हणजे आमच्या किनाऱ्याजवळून पूर्वेकडे धावणारा समुद्रातला मोठा प्रवाह. संध्याकाळी वादळ येणार होतं. जवळ गस्तीची बोट एकच, ती एकाच दिशेला जाऊ शकत होती. अधिकाऱ्यानं विचारलं, तुम्ही वर आहात, पाणी काय म्हणतंय?

मी पडद्यावर पाहिलं. बाबांच्या शेवटच्या ठिकाणाचं पाणी पश्चिमेला चाललं होतं.

गेल्या वर्षी कॅमेरा बसवताना माझ्याकडून बोटभर तिरका राहिला होता. नसलेला प्रवाह कागदावर धो धो वाहायला लागला आणि वर्षभर ऑफिसात माझी टर उडवली गेली. आमचे वैमानिक कुसुनोसे-सान मागे न बघताच म्हणाले, "बाई, परत तेच केलंत की काय?"

"माहीत नाही. त्याच रेषेवरून उलटं न्या. चूक कॅमेऱ्याची असेल तर विमानाबरोबर तीही वळेल. समुद्राचं खरं असेल तर तो आपल्यासाठी वळणार नाही."

बारा मिनिटं जाणार होती. बोट पूर्वेला निघालीच होती, तिला मी थांबायला लावलं. बाबांची बारा मिनिटं मी खर्चत होते.

विमान वळलं. खाली वादळानं आधीच धाडलेल्या लांबच लांब लाटा येत होत्या, हजार मैलांवरून, ओळीनं, न थकता. त्यांना छेदत वाऱ्याच्या बारक्या लाटा. आणि एका जागी त्या सगळ्याच ओळी एकदम वाकलेल्या. कुरोशिओ पुढे चालला होता आणि त्याचा एक हात मागे वळून गोल फिरत होता, अख्खा तालुका मावेल एवढा. दहा वर्षं मी हे मोजतेय, पण त्या दिवशी भीतीनं आणि नवलानं माझा श्वासच अडकला. एवढं प्रचंड काही फिरतंय, आणि त्यात बसलेल्या माणसाला ते कळतसुद्धा नाही!

आकडे आले. पुन्हा पश्चिमच.

"तुमचे वडील पन्नास वर्षं या पाण्यात आहेत," अधिकारी म्हणाला.

"आहेत ना. पण त्यांना चारी बाजूंनी नुसतं पाणी दिसतंय. ते कुठे चाललंय ते मला दिसतंय. पश्चिमेला जा."

साडेचारला बाबा सापडले, पश्चिमेला अकरा मैलांवर. अंग भिजलेलं, तोंडाचा पट्टा चालू. बोटीवरच्या पोरांना म्हणाले, चुकून आलात वाटतं इकडे.

आठवड्यानं ते माझ्या घरी आले, गवताच्या जाळावर भाजलेला कात्सुओ मासा घेऊन. दोन्ही चित्रं मागितली, जातानाचं आणि उलट येतानाचं. शेजारी शेजारी ठेवून त्या वाकलेल्या ओळींवरून बोट फिरवत बसले. त्यांचा चहा थंड झाला.

"पन्नास वर्षं याच्या पाठीवर बसलो," ते म्हणाले, "पण याला एकदाही पाहिलं नव्हतं."

मग चटईवर दोन्ही हात टेकून, मोठ्यांपुढे वाकतात तशी त्यांनी मान खाली घातली. माझ्यासमोर, पोटच्या पोरीसमोर. मी उठले आणि दुसरा चहा टाकला.