भाग न जाणारा आकडा

“बाई, तेवढं पुसू नका,” रत्नपाल गुरुजी म्हणाले आणि पद्माबाईच्या हातातलं ओलं फडकं तिथंच थांबलं. ज्याच्या संसारात सगळं आयुष्य घातलं तो नवरा तिला बाई म्हणत होता, वर पुन्हा ‘नका’, जशी काही ती शेजारच्या गल्लीतून कामाला आली होती.

गुरुजी शहाबादी फरशीवर मांडी घालून बसले होते. समोर खडूनं लिहिलेला आकडा, १२३४५६७८९१, आणि त्याच्याभोवती भागाकारच भागाकार. एकपासून नऊ आणि पुन्हा एक, लेकरानं गमतीत लिहावा असा. पण या आकड्यानं त्यांना तरुणपणी पार झपाटलं होतं. साखऱ्याच्या शाळेत शिकवत असताना त्यांना वाटलं, एक आणि तो स्वतः सोडला तर याला कशानंच भाग जात नसावा. खात्री करायची तर पस्तीस हजारांच्या थोडं पुढंपर्यंत प्रत्येक मूळ संख्येनं भागून बघायचं. लोक सुट्टीत बायकोला माहेरी नेतात, हा माणूस उन्हाळाभर भागत बसला. पद्माबाई त्या आकड्याला सवत म्हणायची आणि म्हणत म्हणतच मदतीला बसायची.

आता गुरुजींचा भागाकाराचा हात शाबूत होता, पण ते काम कधीचंच पुरं झालंय हेच ते विसरले होते. लेक साक्षी हिंगोलीहून आली तेव्हा तिनं मोबाईलवर दाखवलं, आकडा मूळच आहे. गुरुजींनी मान डोलावली आणि पुन्हा खडू उचलला. मधली एखादी संख्या सुटली असेल, ही धास्ती त्यांना जेवू देईना. डॉक्टर म्हणाले, करू द्या. डॉक्टरांचं काय जातंय? नवऱ्याला त्या मेल्या आकड्याचा अंक न अंक आठवतो आणि आपलं तोंड आठवत नाही, याचं पद्माबाईला फार दुःख होतं.

आज तिनं फडकं बादलीत टाकलं आणि त्यांच्यासमोर बसली.

“हे झालंय तुमचं,” ती म्हणाली. “लगीन झाल्यावर दुसऱ्या उन्हाळ्यात. शेवटचाबी भाग गेला न्हाई, तवा तुमी बाजारातून जिलबी आणली.”

“व्हय, जिलबी!” गुरुजींचा चेहरा खुलला. मग त्यांनी तिच्याकडे संशयानं पाहिलं. “तुमाला काय ठाऊक?”

“मी तिथंच होते.”

“तिथं पद्मा होती. मी सांगायचो अन् ती खूण करायची. ती आली की तिलाच विचारतो. ती झालं म्हणली तर झालं. ती खोटं न्हाई बोलत.”

मीच पद्मा, हे पद्माबाईनं मागं सांगून पाहिलं होतं. तेव्हा ते घाबरून हात जोडायला लागले होते, आणि ते बघणं तिला पुन्हा नको होतं.

“येईल ती,” ती म्हणाली.

गुरुजी निर्धास्त झाले, फरशीवर वाकले आणि जुन्या सवयीनं, कोणाकडेच न बघता म्हणाले, “एकोणीसनं जात न्हाई.”

पद्माबाईनं हात पदराला पुसले, खडू घेतला आणि एकोणीससमोर खूण केली.

“बराबर,” गुरुजी म्हणाले आणि तेवीसनं भागायला लागले.