दुसऱ्या टेबलावरची घंटा

इस्पितळाच्या सॉफ्टवेअरमध्ये एक जुनी ओळ होती. रुग्णाने उशाजवळची बेल दाबली की घंटा वॉर्डच्या टेबलावर वाजे, आणि त्याच वेळी जिन्यापलीकडच्या वॉर्डच्या टेबलावरही. टीम लीडने कपाळाला हात लावला. "एका बेलला दोन घंटा? कुठल्या गाढवाने लिहिलंय हे?" कारण कुठेच लिहिलेलं नव्हतं. त्याने ओळ उडवली. सगळ्या टीमने माना डोलावल्या. त्या कामात टीमचा हात धरणारं कोणी नव्हतं.

नवव्या दिवशी, दुपारी चार वाजता, सात नंबरच्या खाटेवरच्या निवृत्त शिक्षिकेने बेल दाबली. अकरा मिनिटांत सात वेळा. सॉफ्टवेअरने सातही नोंदी चोख ठेवल्या. ऐकायला तेवढं कोणी नव्हतं.

लीड धावत वॉर्डात पोचला, तेव्हा मोठ्या सिस्टर रिकाम्या खाटेवरची चादर काढत होत्या.

"पलीकडची घंटा कोणी बंद केली?"

"मी. ती का होती तेच कळेना, सिस्टर."

"चारला ड्यूटी बदलते. पंधरा मिनिटं आम्ही सगळ्या आतल्या खोलीत, एकेका पेशंटची माहिती देत-घेत असतो. टेबलावर कोणी नसतं. म्हणून तर पलीकडे वाजवायचं ठरलं. पाच वर्षांपूर्वी, याच स्टुलावर बसून."

"कोणाशी ठरलं?"

"अहो, तुमच्याशीच!"

त्याने तिथेच लॅपटॉपवर जुन्या नोंदी उघडल्या. ओळ लिहिणाऱ्याचं नाव: त्याचंच. शेरा: 'किरकोळ बदल'. गाढव सापडलं होतं!

"लिहून ठेवा म्हटलं होतं मी," सिस्टर म्हणाल्या. "तर म्हणालात, मी कुठे पळून चाललोय? आम्ही घोटभर पाणी पाजलं तरी वेळ घालून लिहितो हो. न लिहिलेली गोळी दिलीच नाही असं धरतो. आणि तुम्ही एवढी शिकलेली माणसं..." पुढचं त्यांनी चादरीबरोबर गुंडाळलं.

दारात शिक्षिकेची मुलगी उभी होती, हातात आईचा चष्मा. तिने सगळं ऐकलं होतं.

"का बंद केलीत, एवढंच सांगा."

"जास्तीची वाटली," तो म्हणाला. याहून मोठं कारण त्याच्याकडे नव्हतं.

संध्याकाळी त्याने ओळ परत घातली. तिच्यावर लिहिलं: काय ठरलं, कधी, कोणाशी, का. 'काढली तर काय होईल?' या प्रश्नापुढे लिहिलं: 'सात नंबरच्या बाई.'

मंडळी, 'लक्षात राहील' असं म्हणून आपण लिहीत नाही. निर्णय मागे राहतो, त्याचं कारण मरतं. आणि मरताना ते एकटं जात नाही! म्हणून ठरवाल ते कारणासकट लिहा, त्याच दिवशी.