ओली भिंत

"हात लावा ना बाबा, चावत नाही ते."

प्रायमरचे डबे एका बाजूला सारून लेकीने लॅपटॉप काउंटरवर ठेवला होता. तिच्या वडिलांनी, दुकानात रंग कालवून देणाऱ्या मास्तरांनी, हात लावला नाही. ते चिंधीने एका डब्याची कड पुसत होते, आणि ती कड केव्हाचीच पुसून झाली होती.

"गिऱ्हाईक येईल," ते म्हणाले.

"भर दुपारी कोण येतंय? आणि आलं तर मी मेले नाहीये अजून," आतल्या खुर्चीतून मालकीणबाई म्हणाल्या. रंगाचे हे दुकान त्यांचे. त्यांचा आवाज असा, की रस्त्यापलीकडून जाणाऱ्या माणसालाही आपलेच काहीतरी चुकले असे वाटावे. "काय आहे गं ते? गेम? आण इकडे. मास्तरांना नसेल खेळायचं तर मी खेळते. कुणावर तरी हात चालवायचाच आहे मला सकाळपासून."

लेक हसली आणि लॅपटॉप त्यांच्याकडे फिरवला.

पोटापाण्यासाठी ती दुसऱ्यांच्या दुकानांच्या वेबसाइटी बनवत असे, आणि जिवासाठी हे असले चिमुकले गेम. त्यांत मारामारी नाही, गुण नाहीत, जिंकणे-हरणे नाही. किटलीतले पाणी उकळेपर्यंत सुरू होऊन संपूनही जाणारे. एकात सगळे जग शिवणाच्या टाक्यांचे होते. एक दोरा ओढला की अख्खा डोंगर उसवत यायचा. दुसऱ्यात नुसती एक लिफ्ट वर जायची, आणि दर मजल्याला दार उघडले की वेगळ्याच रंगाचा काळोख उभा. हे खेळून मिळते काय, असे कुणी विचारले की ती विचारायची, "गाणं ऐकून काय मिळतं?" त्यावर विचारणारा पुन्हा एकदा लिफ्टमध्ये शिरायचा.

प्रत्येक गेम सर्वांत आधी तिची आई खेळायची. खेळताना तोंड चालूच असायचे. अगं इथे काय करू, हे कुठे गेलं, अय्या! लेक मागे उभी राहून ते सगळे ऐकायची आणि त्याप्रमाणे गेम दुरुस्त करायची. आता आई नव्हती. तिच्या जागी बसवायला उरले होते ते बाबा, आणि ते डब्याची कड पुसत होते.

"यात तर काहीच नाही," मालकीणबाई म्हणाल्या. "नुसता रंग आहे. तुझं यंत्र बिघडलंय."

"बोट फिरवा, मावशी. घासल्यासारखं."

"घरी भांडी घासा, इथे येऊन हे घासा." पण बोट फिरू लागले होते.

पडद्यावर एकच रंग होता, कडेपासून कडेपर्यंत. बोट फिरेल तिथे त्याच रंगाची जराशी गडद छटा वर येई. रेघ कुठेच नाही. आधी टेबलाचा कोपरा आला. मग खिडकी, मग खिळ्याला अडकवलेला पंचा. बाईंची बडबड कमी झाली. मग नळापाशी पाठमोरी उभी असलेली एक बाई दिसू लागली. केस वर बांधलेले. एक खांदा दुसऱ्यापेक्षा थोडा खाली.

बोट थांबले.

"अगं," मालकीणबाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज काउंटरच्या पलीकडेही गेला नाही. "ही तर आपली वहिनी."

लेकीने मान डोलावली.

"वळत का नाही ती?"

"नाही वळत. सगळ्या वस्तूंना हात लागला की ती निघून जाते. शेवटी खुर्ची उरते. खुर्चीला हात लावला की संपतं."

"आणि एखाद्या वस्तूला नाही लावला तर?"

"तर थांबते."

"मग मी कशाला लावू?" बाईंनी तव्यावरून काढावा तसा हात काढून घेतला.

लेक मास्तरांकडे बघून म्हणाली, "छोट्या गेमचं प्रदर्शन आहे, बाबा. उद्यापर्यंत पाठवायचाय. पण तुम्ही खेळल्याशिवाय मी पाठवणार नाही. स्वयंपाकघर तुमचं, आणि आईही. तुम्ही नको म्हणालात तर पुसून टाकीन."

मास्तरांनी डब्यावर झाकण ठेवले आणि हातोडीने चारी बाजूंनी ठोकून बसवले.

"घरी बघू," ते म्हणाले.

आता मास्तरांना दगड म्हणावे, तर तसे ते नव्हते. त्यांचे नुसते सगळे बधिर झाले होते. बायको गेल्याला वर्ष उलटले होते आणि त्यांना रडू आले नव्हते. आधी लोक म्हणाले, धक्का बसलाय, येईल. मग म्हणाले, मनाचे घट्ट आहेत. मग ज्याला त्याला आपापली कामे होती. मास्तर वेळेवर उठत, वेळेवर जेवत. भाजीत मीठ आहे की नाही हे त्यांना कळत नसे. एकदा भरलेला डबा पायाच्या बोटावर पडला, तर दुसऱ्या कुणाचे असावे तसे त्या बोटाकडे ते बघत राहिले. सकाळी देवापुढे हात जोडून उभे राहत. मागायचे काय, ते आठवत नसे. मग तसेच थोडा वेळ उभे राहून, न मागताच, कामाला जात. आणि बायकोचा चेहरा आठवू गेले तर फोटो आठवत. फोटोतली बाई बघायची ती फोटो काढणाऱ्याकडे.

शिवाय एक गोष्ट त्यांच्या हातून झाली होती. आलीगेली माणसे पांगल्यावर त्यांनी स्वयंपाकघराची भिंत घासायला घेतली. गिऱ्हाइकाच्या घरी करतात तशी, पार प्लास्टर दिसेपर्यंत. मग दुकानातून पांढरा रंग आणून दोन हात मारले. का, ते त्यांना सांगता आले नसते. हातांना काम हवे होते आणि हातांना तेच काम येत होते. लेक बाहेरून आली ती दारातच थबकली. "हे काय केलंत, बाबा?" एवढेच ती म्हणाली. पुढे बरेच दिवस बापलेकीत बोलणे झाले ते गॅस संपला आणि पाणी आले, एवढ्यापुरते.

कारण भिंतीवरून घासून काढलेला तो जुना रंग कोणत्याच शेड कार्डात नव्हता. नव्या घरात आल्यावर मास्तरांनी तो घरातच बादलीत कालवला होता, बायको शेजारी उभी. "हिरवा नको, दवाखाना वाटतो. पिवळा नको, भिंतीला कावीळ झाल्यासारखी वाटते." हिरव्या-पिवळ्याच्या मध्ये कुठेतरी, किंचित मातकट, असा तो निघाला होता. फोटोंत शोधावा, तर दर फोटोत दिव्याच्या उजेडाने वेगळाच. म्हणून गेम करायला घेतल्यावर लेक मनातला राग बाजूला ठेवून त्यांच्यापाशी आली होती. "आता तो फक्त तुमच्या डोळ्यांत आहे."

मास्तर तिच्या शेजारी बसले होते. ती पडद्यावर रंग सरकवत गेली. "पिवळा जरा. आता माती. अजून. अजून थोडी... बस." तो 'बस' इतका चटकन आला की लेक चमकून बघत राहिली. वर्षभरात त्यांनी कशाबद्दलही खात्रीने म्हटलेला तो एकच शब्द असेल.

संध्याकाळी मास्तर घरी आले, हातपाय धुतले आणि स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले. समोर लॅपटॉप, मागे पांढरी भिंत. लेकीने गेम सुरू केला आणि सवयीने त्यांच्या मागे जाऊन उभी राहिली.

मास्तर बघत राहिले. हात मांडीवर.

"हा चुकलाय," ते म्हणाले.

"काय चुकलंय?"

"रंग. फिका आहे."

"तुम्हीच तर सांगितलात, बाबा! आणि ज्यांना ज्यांना खेळायला दिला ते सगळे हेच म्हणतायत, काही दिसत नाही म्हणून. मी त्यांच्याशी भांडले. म्हटलं, माझ्या बाबांनी सांगितलेला रंग आहे, तो चुकायचा नाही."

मास्तरांनी मान पुढे घेतली, मागे घेतली, एक डोळा मिटून पाहिले. मग खुर्चीला टेकले.

"मी ओला सांगितला."

"म्हणजे?"

"डब्यात रंग ओला असतो. भिंतीवर वाळला की गडद होतो. म्हणून कालवताना एक पायरी अलीकडे थांबायचं. नाहीतर गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी डबा डोक्यावर आपटतं." ते स्वतःच्या हातांकडे बघत होते. "जन्मभर अलीकडेच थांबत आलो. इथेही थांबलो."

"अहो, पण हा वाळणार कसा?" लेक हसली. आणि हसताहसताच मध्ये थांबली. आपले वडील इतके दिवस हा पडदा वाळायची वाट बघत असावेत, हे तिला तेव्हा दिसले. त्यांना स्वतःला ते दिसले की नाही, कोण जाणे.

"गडद करते," ती मऊपणे म्हणाली. "आत्ता होईल."

तिने वाकून रंग सरकवला. जुनी भिंत पडद्यावर आली. दोघांनाही कळले. काही विचारायचे उरले नाही. पण सगळ्या सावल्या त्याच रंगातून काढलेल्या होत्या, त्यामुळे तो गडद होताच त्याही गडद झाल्या. टेबल, खिडकी, पंचा, सगळे एकदम उघडे पडले, आणि नळापाशी ती.

लेकीने झटकन रंग मागे घेतला.

"असं नाही चालणार. आधीच सगळं दिसलं तर माणूस करणार काय? बोट फिरवायला काही उरतच नाही. आणि फिका ठेवला तर तो आपला रंग नाही." ती खुर्ची ओढून बसली. "राहू दे, बाबा. यंदा नाही पाठवत."

मास्तर पडद्याकडे बघत होते.

"मग वाळू दे ना," ते म्हणाले.

"काय?"

"ओलाच सुरू कर. आणि वाळू दे. भिंत वाळते तसा. सावकाश."

"सावकाश म्हणजे कोण थांबणार? लोकांना धीर असतो का? आले, घासलं, संपवलं, गेले."

"घासू देत. आपण घाईवाल्यालाही रंग देतोच की. मी त्याला सांगतो, रात्रभर हात लावू नका. तो तासाभराने बोट लावून बघतो. त्याच्या बोटाला रंग लागतो." मास्तर थांबले. "पण एखादा असतो, बसून राहतो."

लेकीने लॅपटॉप आपल्याकडे ओढला. खुडबुड बराच वेळ चालली होती. मास्तरांनी तेवढ्यात भात टाकला, तो उतरवला, पेले पालथे घातले. मग तिने लॅपटॉप पुन्हा त्यांच्यापुढे ठेवला. या वेळी ती मागे उभी राहिली नाही, शेजारीच बसली.

पडदा ओला होता. मास्तरांनी दोन्ही हात मांड्यांखाली घातले.

सुरुवातीला काहीच नव्हते. मग काहीतरी होते, पण ते होते असे म्हणता येत नव्हते. मग टेबलाची कड आली. खिडकी आली. पंचा आला. कुणी बोलावले नव्हते, ढकलले नव्हते. आपल्या वेळेने आले. आणि मग केस वर बांधलेले ते डोके, मान, खाली आलेला खांदा. कशालाच हात लागलेला नव्हता, म्हणून ती कुठे जाणार नव्हती.

मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आले नाही. छातीत काही हलले असेही नाही. ते फक्त बोलू लागले.

"नळ कधी नीट बंद केला नाही तिने."

"नाही," लेक म्हणाली.

"मी उठून करायचो. दररोज. ती म्हणायची, गळतोय तेवढा गळू दे, सोबत होते. हे काय बोलणं झालं? नळाची सोबत! आणि मी समोर बसलेलो."

"तुम्ही बोलायचा नाहीत ना, बाबा. नळ तरी बोलायचा."

"हं," मास्तर म्हणाले. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "हं."

पडद्यावरचा रंग पूर्ण वाळला. खुर्ची तिच्या जागी होती. लेकीने वाट पाहिली.

"संपवायचा नाही?"

"नको. पाठव तू."

"पण तुम्ही खेळलात कुठे?"

"बसलो ना एवढा वेळ," मास्तर म्हणाले आणि भात वाढायला उठले.

प्रदर्शन एका लांबट सभागृहात होते. दिवे मंद, टेबलांवर कॉम्प्युटरचे पडदे, प्रत्येक पडद्यापुढे एक खुर्ची. मालकीणबाईंनी मास्तरांना दुकानातून अक्षरशः हाकलले होते. "जा, आज तुमच्यावाचून कुणाची भिंत अडत नाही." लेकीचे टेबल कोपऱ्यात होते. लोक यायचे, बसायचे, भराभर बोट फिरवायचे. बाई निघून गेली की उठायचे. "एवढंच?" कुणी म्हणे. "रंग मस्त आहे हं," कुणी म्हणे. मास्तर भिंतीला टेकून उभे होते. एवढंच म्हणणाऱ्यांचा त्यांना राग येत नव्हता. मस्त म्हणणाऱ्यांचा आनंदही होत नव्हता.

मग एक पोक्त बाई येऊन बसली. ऑफिसातून परस्पर आलेली असावी, खांद्याची पिशवी तिने काढलीही नव्हती. तिने एकदा बोट फिरवले, टेबलाचा कोपरा वर आला, आणि तिने हात मागे घेतला. पिशवी मांडीवर घेऊन ती तशीच बसून राहिली.

मागे रांग वाढू लागली.

"अडकलंय वाटतं."

"अहो ताई, बटण दाबा काहीतरी!"

"झोप लागली की काय त्यांना?"

लेक पुढे व्हायला निघाली, पण मास्तर तिच्याआधी पोचले. खुर्ची आणि रांग यांच्यामध्ये ते उभे राहिले.

"अडकलेलं नाही," ते म्हणाले. "थांबा जरा."

"किती वेळ?"

"ते त्यांच्यावर आहे."

"कमाल आहे! म्हणजे त्या उठेपर्यंत आम्ही असंच उभं राहायचं?"

"हो."

पुढचा माणूस पुटपुटला, पण रांग सोडून गेला नाही. त्याच्या मागच्यांनी पाय बदलले, कुणी खोकले, मग आवाज कमी झाला. मास्तर हात पाठीमागे बांधून, पडद्याकडे पाठ करून उभे होते, त्या बाईच्या खांद्यावरून आपली नजर जाऊ नये म्हणून. समोरच्या चेहऱ्यांवर पडद्याचा उजेड पडला होता. तो हिरव्या-पिवळ्याच्या मधला उजेड सावकाश गडद होत होता. मास्तर तो बघत राहिले, आणि त्यांनी मागे वळून पाहिले नाही.