पालखी अडकली

गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे शिमग्याला गावी जाता आलं नाही, म्हणून आप्पा आधीच धुसफुसत होते. त्यात मुंबईहून गावी गेलेल्या मुलाने, हर्षदने, पालखी नाचवतानाचा व्हिडिओ पाठवला, तोही भल्यामोठ्या फोर-के फाइलमध्ये. रत्नागिरीच्या घरात, आप्पांच्या जुन्या मोबाइलवर पालखी दोन पावलं नाचायची आणि अडकायची.

"दर्शना, देव अधांतरी ठेवलास गो!" आप्पा मुलीवर खेकसले.

चूक दादाची आणि बोलणी मात्र मला, असं मनात म्हणत दर्शनाने लॅपटॉप उघडला. फाइल हलकी व्हावी म्हणून तिने सेकंदाला पंधराच फ्रेम ठेवल्या. आप्पांनी ते बघितलं नि मोबाइल गादीवर आपटला.

"जन्मभर पालखी नाचवली मी! ढोल एकीकडे, पाय भलतीकडे. हे नाचणं की लंगडणं?"

दर्शनाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण म्हाताऱ्याचं खरं होतं. तिने फ्रेम पुन्हा तीस केल्या आणि चित्राचा आकारच सातशेवीसवर आणला. आता ढोलाच्या ठोक्याला बरोबर पाय पडू लागला. आप्पा बसल्या जागी खांदा हलवू लागले.

"बघ, माझ्या हर्षदने कसा छान पाठवलाय! शेवटी मुलगा तो मुलगाच."

दर्शनाने मोबाइल त्यांच्या हातातून काढून घेतला, दादाने पाठवलेली मूळ फाइल लावली आणि परत दिला. पालखी दोन पावलं नाचली आणि अडकली.

"हा तुमच्या हर्षदचा," ती म्हणाली. "बघा आता पोटभर."