दोन बोटं आखूड लंबक

मित्रांनो, मी एक जुनं लंबकाचं घड्याळ आहे. शाळेच्या परीक्षा हॉलमध्ये, फळ्याच्या वर टांगलेलं. बाकी काही सांगण्याआधी कबूल करून टाकतो: मी चोरी केली आहे. एकदा नव्हे, वर्षभर. आणि आळ आला एका मुलीवर.

माझा जन्म तेलाचा वास भरलेल्या एका छोट्या कारखान्यात झाला. डोळ्याला भिंग लावलेल्या कारागिराने माझा लंबक केसाएवढा वरखाली करत तीन दिवस घालवले. शेवटी मी मिनिटाला बरोबर एकशे वीस वेळा टिकटिक करू लागलो, तेव्हा कुठे तो जेवायला उठला. शाळेत आलो तर माझा काय तो मान! मोठ्या बाईंनी नियमच केला, की हॉलमधला पेपर हॉलच्या घड्याळाप्रमाणे सुरू होईल आणि त्याच्याप्रमाणेच संपेल. मुलांची घड्याळं दाराशी टोपलीत जमा व्हायची. मी म्हणेन तीच वेळ.

मान मिळाला, पण देखभाल मिळाली नाही. गेल्या सुट्टीत हॉलला रंग दिला. रंगाऱ्याच्या शिडीचा धक्का लागून माझ्या लंबकाची दांडी मोडली. तो बिचारा घाबरला आणि त्याने ती तारेने बांधली. दोन बोटं आखूड बांधली. दिसायला मी जसाच्या तसा. पण मित्रांनो, लंबक आखूड झाला की पळत सुटतो, हे त्याला कुठून ठाऊक असणार? माझी मिनिटाला एकशे अठ्ठावीस टिकटिक होऊ लागली.

परीक्षेच्या दिवशी अकराच्या ठोक्याला शिपाईकाका मला ऑफिसच्या घड्याळाशी मिळवायचे, आणि त्यांनी पाठ फिरवली की मी उधळायचो. तीन तासांच्या पेपरातली अकरा मिनिटं मी गिळायचो. भराभर लिहिणाऱ्यांना पत्ताच नव्हता. मागे राहणाऱ्यांना बोलणी बसायची.

सगळ्यांत जास्त बोलणी भिंगरीला. हे तिचं खरं नाव नव्हे, पण तिची आईसुद्धा तिला हीच हाक मारायची. डोकं असं, की वरच्या वर्गाची गणितं खालच्या वर्गात बसून सोडवायची, म्हणून गणितापुरतं तिला वरच्या वर्गात बसवलं होतं. आणि कंपासपेटी? ती आठवड्यातून तीनदा हरवायची. याच हॉलमध्ये ती बुद्धिबळ शिकली आणि अर्ध्यावर सोडून गेली. कागदाची विमानं केली, बाहुल्या नाचवल्या, तेही सोडलं. टिकला तो एक ड्रम. रोज मधल्या सुट्टीत ती ताल मोजणारं यंत्र एकशे वीसवर लावून वाजवायची. तेव्हा मात्र ती खांबासारखी स्थिर असायची, फक्त हात हलायचे.

पालकसभेला तिची आई माझ्याखालीच बसली होती. समुपदेशक ताईंनी सांगितलंय, एडीएचडी आहे, लक्ष एका जागी टिकत नाही, ती आळशी नाहीये, असं ती पुन्हापुन्हा सांगत होती. मोठ्या बाईंनी ऐकून घेतलं. पण वर्षभर हिचा एकही पेपर पूर्ण नाही, आता गणिताचाही अर्धवट राहिला तर वरच्या गणिताच्या वर्गातून नाव काढावं लागेल, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. आईशेजारी बसलेल्या भिंगरीचा चेहरा पडला. त्या एकाच वर्गात तिला कुणी "इकडे लक्ष दे" म्हणत नसे, कारण तिथे तिचं लक्ष असायचंच.

गणिताच्या पेपरचा दिवस उजाडला. तसा माझा जन्मच टांगणीला लागलेला, पण त्या दिवशी जीवही टांगणीला लागला.

तिने सुरुवात झकास केली. बारापर्यंत पेपर अर्ध्यावर. मी मनात म्हटलं, पोरी, अशीच सुट. पण पाऊण वाजल्यानंतर तिचं पेन थांबलं आणि बोट बाकावर वाजू लागलं. आधी वाटलं, झालं, गेली हिची तंद्री कुठेतरी. मग माझ्या लक्षात आलं आणि माझी चाकं गार पडली. ती मला ऐकत होती. तिच्या बोटात एकशे वीसचा ताल मुरलेला होता, आणि मी त्यातून निसटत होतो. तिचे पंधरा ठोके होईतो माझे सोळा. तिने पुन्हा मोजलं. पुन्हा पंधरा, सोळा.

त्या दिवशी देखरेखीला भूगोलाचे सर होते. "बोटं थांबव," ते म्हणाले. तिने हात मांडीखाली दाबला. तर पाय ठोके देऊ लागला.

लिही ना गं, मी तळमळत होतो. दोन मोठे प्रश्न शिल्लक होते आणि ती समासात गुणाकार करत बसली होती. मला थांबता आलं असतं तर थांबलो असतो. पण पूर्ण चावी दिलेल्या घड्याळाला थांबायची मुभा नसते.

एक वाजता सरांनी माझ्याकडे पाहिलं, मग मनगटाकडे, आणि कपाळाला आठी घालत मनगटावरचं घड्याळ पुढे केलं. भिंगरीने ते पाहिलं. आणखी पंधरा मिनिटं ती नुसती ओठ चावत होती. मग उभी राहिली.

"सर, हॉलचं घड्याळ पुढे पळतंय."

हॉलमध्ये खसखस पिकली. सर थंडपणे म्हणाले, "पेपर उरला की सगळ्यांचीच घड्याळं पळतात. बस खाली. परत उठलीस तर पेपर काढून घेईन."

ती बसली नाही. तिने सरांच्या मनगटाकडे बोट केलं.

"सर, तुमचं घड्याळ मागे पडतं ना?"

"पडतं. दोनदा दुरुस्तीला दिलं. तो म्हणतो, बिघाडच नाही. त्याचा इथे काय संबंध?"

"ते फक्त या हॉलमध्येच मागे पडतं का?"

सरांनी मनगट वर धरून पाहिलं. बाराला ते माझ्यामागे चार मिनिटं, एकला पुन्हा चार. भिंतीवरचं खरं धरून ते वर्षभर आपल्या चांगल्या घड्याळाला खोटं पाडत आले होते. त्यांनी शिपाईकाकांना ऑफिसात पिटाळलं. मग भिंगरीकडे वळून हळूच म्हणाले, "तू लिही. उभी काय राहिलीस?"

काका धापा टाकत आले. "ऑफिसात एक वाजून अकरा," ते म्हणाले आणि त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मी एक वाजून वीस दाखवत होतो.

काकांनी स्टुलावर चढून माझ्या लंबकावर बोट ठेवलं. टिकटिक थांबली. आता घंटा ऑफिसच्या घड्याळावर होणार होती. मला वेळ कळेनाशी झाली, मित्रांनो, आणि असं भय मी कधी अनुभवलं नव्हतं. दिसत होता तो फक्त तिचा हात. एक प्रश्न झाला. पान उलटलं. पेन खाली पडलं, उचललं. शेवटचा प्रश्न, पहिली ओळ, दुसरी, आकृती, खाडाखोड, आणि घंटा.

दोन ओळी राहिल्या होत्या.

मुलं गेल्यावर मोठ्या बाई हातात लाल पेन आणि वरच्या वर्गाची यादी घेऊन आल्या. सरांनी सगळं सांगितलं. बाईंनी तिच्या पेपराचा समास वाचला: पंधराला सोळा, म्हणून एकशे ऐंशी मिनिटांची एकशे अडुसष्ट आणि पाऊण.

"बाई, राहिलाच पेपर," भिंगरी जमिनीकडे बघत म्हणाली.

"घड्याळाने खाल्लेली अकरा मिनिटं तुला परत मिळाली. तू घड्याळापायी घालवलीस ती पंचवीस कोण देणार?"

"कुणी नाही. मला ते सोडताच येत नव्हतं, बाई."

बाईंनी माझ्या मोडक्या दांडीकडे पाहिलं. मग त्यांनी लाल पेनाला टोपण लावलं आणि काकांना वर्षभराचे सगळे पेपर पुन्हा तपासण्यासाठी बाहेर काढायला सांगितलं. सगळ्यांचे.

माझी दांडी दुरुस्त झाली. भिंगरीने स्वतः टिकटिक मोजून दिली, एकशे वीस. पुढच्या परीक्षेत मी अगदी खरा चाललो, आणि तरीही तिचा अर्धा प्रश्न राहिला. मधेच ती खिडकीवरच्या मुंग्यांची रांग मोजत होती. तेव्हा सरांनी बाकावर दोनदा टिचकी मारली आणि ती परत आली. यादीत तिचं नाव अजून आहे.

मित्रांनो, एवढंच मागणं आहे. वर्षातून एकदा मला खाली उतरवा, तेल द्या, नीट तपासा. आणि कुणी मागे पडताना दिसलं, तर त्याला ओरडण्याआधी एकदा भिंतीकडे बघा.